शीट कोण भरतंय?

गूगल ॲड्समध्ये जाहिरातीचं रोजचं बजेट ३,००० रुपये टाकलं की रोज ३,०००च जाणार, असं बहुतेक दुकानदार धरून चालतात. त्यांची काही चूक नाही, कुणालाही तसंच वाटेल. प्रत्यक्षात तो आकडा सरासरीचा असतो. ज्या दिवशी शोधणारे जास्त, त्या दिवशी सिस्टिम दुपटीपर्यंत, म्हणजे ६,००० पर्यंत खर्च करू शकते. महिन्याची मर्यादा तेवढी ठरलेली: रोजच्या आकड्याच्या ३०.४ पट. वर्षाचे ३६५ दिवस बारा महिन्यांत वाटले की हे ३०.४ येतं. म्हणजे ३,००० च्या बजेटला महिन्याचे जास्तीत जास्त ९१,२००. हा दुपटीचा नियम ऑक्टोबर २०१७ पासूनचा. त्याआधी एखाद्या दिवशी फार तर २० टक्के जास्त जायचे.

हे सगळं मी एका मॉड्युलर किचनवाल्या काकांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांच्या जाहिराती मी बघते. शोरूम पुण्यात सिंहगड रस्त्यावर, वर्कशॉप नऱ्ह्याला. आदल्या दिवशी पाच हजारांच्या वर गेले म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. चष्म्यावरून बघत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पैसे माझे आणि दिवस त्यांनी निवडायचा." यावर मी काय बोलणार? वर १८ टक्के जीएसटी लागतो, हे मात्र त्यांना मी सांगायच्या आधीच माहीत होतं.

आमच्याकडे ऑटोमेशनची, म्हणजे हाताने करायची कामं मशीनवर सोपवण्याची सुरुवात झाली ती अशी, बजेटच्या बाजूने. काकांच्या अटी साध्या होत्या. महिन्याला ९०,००० आणि वर जीएसटी, त्यापुढे एक रुपया नाही. रविवारी जास्त गेले तरी चालतील, कारण लोक रविवारी नवा फ्लॅट बघायला जातात आणि तिथूनच फोन करतात. गुरुवारी कमी. पुण्यातल्या बऱ्याच कारखान्यांसारखी त्यांच्या वर्कशॉपलाही गुरुवारची सुट्टी, त्यामुळे मोजमाप घेणारी मुलं त्या दिवशी नसतात.

तोवर हे सगळं हातानेच चालायचं. रात्री जेवणं झाली की फोनवर ॲप उघडायचं, आजचा खर्च बघायचा, उद्याचा आकडा बदलायचा. त्याऐवजी मी गूगल ॲड्समध्येच एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला. तिथे जॅव्हास्क्रिप्ट चालते, ती दर तासाला लावता येते आणि एका वेळी अर्ध्या तासापर्यंत चालू शकते. आमच्या कामाला एक मिनिटही लागत नाही. महिन्याचा आजवरचा खर्च वाचायचा, उरलेले पैसे उरलेल्या दिवसांत वाटायचे; वाटताना रविवार दीडपट धरायचा, गुरुवार अर्धा. त्यात दोन कलमं अशी आहेत की कुणीही अशी स्क्रिप्ट लिहिली तर ती घालावीतच असं मला वाटतं. पहिलं, रविवार-गुरुवारचा हा फरक सोडला तर एका दिवसात बजेट २० टक्क्यांहून जास्त वरखाली करायचं नाही. दुसरं, खर्च ८८,००० ला पोचला की कॅम्पेन थांबवायची आणि मेल पाठवायची. ९०,००० ला थांबवायला गेलं तर उशीर होतो, कारण खर्चाचे आकडे खात्यात काही तास मागून दिसतात. शिवाय महिन्याच्या मध्येच बजेट बदललं की ती ३०.४ ची मर्यादाही उरलेल्या दिवसांसाठी नव्याने मोजली जाते. रोज बजेट बदलणाऱ्याने तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, आपला ब्रेक आपल्याकडे हवा.

बजेटचा भाग इथे संपला. हिशेबाचं काम होतं, एकदा नीट लिहिलं की विसरता येतं. खरी झटापट बिडची, म्हणजे एका क्लिकसाठी किती बोली लावायची याची.

'मॉड्युलर किचन पुणे' असं कुणीतरी शोधतं तेव्हा तेवढ्या एका शोधापुरता लिलाव होतो. त्यात नुसते पैसे बघितले जात नाहीत. जाहिरात त्या शोधाला किती लागू पडते, क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे, हेही धरलं जातं. हाताने बिड लावायचं म्हणजे प्रत्येक शब्दाला एक आकडा, मग संध्याकाळी सात ते दहा अमुक टक्के जास्त, मोबाइलला तमुक टक्के कमी. मी हे बरीच वर्षं केलंय आणि मला त्याची अजिबात आठवण येत नाही. गूगलचं आपोआप चालणारं स्मार्ट बिडिंग प्रत्येक लिलावाच्या क्षणी माणूस कुठे आहे, कोणता फोन आहे, किती वाजलेत, कोणती भाषा, आधी आपल्या साइटवर येऊन गेलाय का, असं सगळं एकदम बघून आकडा ठरवतं. ते माणसाच्या आवाक्यातलं नाही. तुम्ही वेळेनुसार लावलेले टक्के ते बघतही नाही. अर्धं हाताने, अर्धं मशीनने अशी जी एन्हान्स्ड सीपीसीची मधली वाट होती, तीही सर्च आणि डिस्प्लेसाठी मार्च २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हा मशीन वापरायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. मशीनला काय मोजायला सांगायचं, हा होता.

काकांच्या आधीच्या एजन्सीने 'जास्तीत जास्त कन्व्हर्जन' हा पर्याय लावून ठेवला होता आणि कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीचं यश म्हणून फॉर्म, व्हॉट्सॲपच्या बटणावरचा टॅप, फोन नंबरवरचा टॅप, एवढंच काय, साइटवर एक मिनिट थांबणं, सगळंच मोजलं जात होतं. रिपोर्ट बघावा तर डोळे निवावेत. लीडची, म्हणजे चौकशी करणाऱ्यांची यादी बघावी तर त्यात काम शोधणारे सुतार, प्लायवुड आणि चॅनल-बिजागऱ्या विकणारे, इंटर्नशिप मागणारी इंटिरियरची मुलं. मशीनने सांगितलेलं काम चोख केलं होतं. फॉर्म हौसेने कोण भरतं? ज्याला दुकानाकडून काहीतरी हवं असतं तो. अशी माणसं त्याने बरोबर हुडकून काढली होती आणि तीही स्वस्तात. एका पठ्ठ्याने फॉर्मच्या 'बजेट' रकान्यात १८,००० लिहिले होते; शोरूममधल्या फोन बघणाऱ्या ताईंनी फोन केला तेव्हा कळलं की तो त्याचा अपेक्षित पगार होता.

'नोकरी', 'जॉब', 'व्हेकन्सी', 'कोर्स' हे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांच्यावर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत टाकून थोडा फरक पडला. थोडाच.

मग एका दुपारी शोरूमच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो: काका, डिझायनर, फोन बघणाऱ्या ताई आणि मी. आधी चौकशी येते, मग ताई बोलतात, मग मुलं घरी जाऊन मोजमाप घेतात, मग थ्रीडी डिझाइन आणि कोटेशन, शेवटी ॲडव्हान्स. यातल्या कशाला यश म्हणायचं? काकांचं मत ठाम: "ॲडव्हान्स आला की यश. बाकी सगळं चहापाणी."

धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. पण मशीनला शिकायला उदाहरणं लागतात आणि ॲडव्हान्स महिन्यात मोजकेच येतात. तेही क्लिकनंतर दीड-दोन महिन्यांनी. बिल्डरने पझेशन पुढे ढकललं तर त्याहून उशिरा. क्लिकनंतर ९० दिवस उलटले की ते यश गूगल ॲड्सला कळवताही येत नाही. उलट मोजमाप बहुतेक वेळा आठवड्याभरात होतं, त्यांची संख्या बरी असते आणि टेप घेऊन येणाऱ्या मुलांना उगाच कुणी घरी बोलावत नाही. शिवाय त्याआधी ताईंची चाळणी असते. फ्लॅट ताब्यात आलाय का, कुठे आहे, ओटा सरळ आहे की एल, एवढं विचारलं की रिकामटेकडे आपोआप गळतात. असा पैशाच्या पुरेसा जवळ आणि पुरेशा वेळा घडणारा टप्पा शोधणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल, असं माझं आजही मत आहे. मोजमाप 'प्रायमरी' झालं. फॉर्म, टॅप वगैरे 'सेकंडरी' केलं: रिपोर्टमध्ये दिसतील, पण बिड त्यावर ठरणार नाही.

आता हे मोजमाप गूगलपर्यंत पोचवायचं कसं? जाहिरातीवर क्लिक झाली की पत्त्याच्या शेपटीला एक लांबलचक क्लिक आयडी येतो. फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना करून तो पकडायचा आणि नाव, नंबर यांच्यासोबत गूगल शीटमध्ये उतरवायचा. मोजमाप झालं की त्या ओळीत तारीख भरायची. रोज रात्री शीट आपोआप अपलोड होते. क्लिक आयडी, कन्व्हर्जनचं नाव, वेळ, एवढंच त्यात लागतं. आयडीत लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून तो हाताने टाइप करायच्या भानगडीत कुणी पडू नये.

तांत्रिक भाग एवढाच आणि तो पटकन झाला. रखडलं ते तारखेवर.

ताईंचा जीव शीटमध्ये नव्हता, फुलस्केप वहीत होता. त्या वहीत त्यांची स्वतःची लिपी. 'उ. ना.' म्हणजे उचलला नाही. 'मो. झा.' म्हणजे मोजमाप झालं. 'सासू.' म्हणजे सासूबाईंना विचारून सांगणार. सगळी खरी माहिती तिथे, आणि शीट त्या शनिवारी एकदम भरायच्या. त्यामुळे गूगलच्या नजरेने पुण्यात सगळी मोजमापं शनिवारी संध्याकाळीच होत होती. त्यात त्या ५/६ लिहायच्या, म्हणजे ५ जून. शीटची सेटिंग अमेरिकन, ती वाचायची ६ मे. क्लिक जूनची आणि मोजमाप मे महिन्यातलं! अपलोडच्या अहवालात अशा सगळ्या ओळी नाकारलेल्या.

शीट भारतीय सेटिंगवर आणली, तारीख लिहिण्याचा रकाना काढून टाकला आणि तिथे एक चौकोन ठेवला. टिक केली की त्या क्षणाची तारीख-वेळ आपोआप उमटते. ताईंना मोबाइलवर करून दाखवलं.

"मॅडम, म्हणजे मी टिक केली की जाहिरातीचे पैसे वाढणार?"

"वाढतील किंवा कमी होतील. पण तुमच्या टिकवर ठरणार."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

त्या दिवसापासून शीट वेळेवर भरायला लागली. वही अजून आहेच, ती जाणार नाही.

प्रायमरी बदलल्यावर कॅम्पेनसमोर 'लर्निंग' अशी पाटी आली. या काळाला साधारण ५० कन्व्हर्जन किंवा तीन कन्व्हर्जन-चक्रं लागू शकतात, असं गूगलचंच सांगणं आहे. क्लिकपासून कन्व्हर्जनपर्यंतचा वेळ म्हणजे एक चक्र. आमच्या आकड्यांना तो काळ चांगलाच लांब. त्यात लीड धडाधड कमी झाल्या. शोरूममधला फोन शांत झाल्याने काका अस्वस्थ, ताई खूश. मी काकांना एवढंच सांगितलं होतं की लीड बघू नका, सोमवारी सोमवारी मोजमापं बघा. टार्गेट सीपीए, म्हणजे एका कन्व्हर्जनमागे किती खर्च चालेल तो आकडा, सुरुवातीला लावलाच नाही. मोजमापामागे किती खर्च पडतो हे दिसायला लागल्यावर त्याच्या थोडा वर लावला. लर्निंगच्या काळात दर दोन दिवसांनी टार्गेट बदलणारी माणसं मी बघितलीत. ते रोप उपटून मुळं धरलीत का बघण्यातलं काम.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले. ताईंचं गाव चिपळूणजवळ, त्या गौरी-गणपतीला गावी गेल्या. मोजमापं अधूनमधून चालूच होती, टिक करणारं कुणी नव्हतं. मशीनने पाहिलं की क्लिकांवर पैसे जातायत आणि परत काहीच येत नाही, म्हणून त्याने बिड खाली आणलं. खर्च घटला. इकडे माझ्या स्क्रिप्टने पाहिलं की पैसे शिल्लक राहतायत, म्हणून तिने रोजचं बजेट चढवलं. दुसऱ्या दिवशी तेच. एक ऑटोमेशन हात आखडतंय, दुसरं पैसे पुढे सरकवतंय, आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर. काकांना बजेटचा चढता आकडा दिसला आणि खर्चाचा उतरता, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत का?" नाही बोलत. त्यांच्यामध्ये ताई होत्या आणि ताई चिपळूणला होत्या.

अशा वेळेसाठी 'डेटा एक्सक्लूजन' नावाची सोय आहे. अमुक तारखांचे क्लिक शिकण्यात धरू नकोस, असं मशीनला सांगता येतं. ती वापरायची वेळ आली नाही, कारण परतल्यावर ताईंनी मुलांना विचारून, आपोआप उमटलेल्या तारखांच्या जागी खऱ्या तारखा घालून सगळा बॅकलॉग भरला. उशिरा अपलोड झालेलं कन्व्हर्जन मूळ क्लिकच्या तारखेलाच जाऊन बसतं, त्यामुळे चित्र दुरुस्त झालं आणि काही दिवसांत बिडही पूर्ववत आलं. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. मोजमाप घेणारी मुलं आता ग्राहकाच्या घरातून निघतानाच टिक करतात. आणि कामाचे लागोपाठ दोन दिवस एकही टिक पडली नाही तर काकांना आणि मला मेल येते. बिडिंगच्या सगळ्या पर्यायांपेक्षा या एका मेलचा उपयोग जास्त झालाय.

ते होतंय तोवर पितृपक्ष. २०२५ चं तर विचारूच नका. ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि लागू होणार २२ तारखेला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. आपल्या वस्तूवर दर बदलणार की नाही हे न बघताच जो तो म्हणे, "बावीसनंतर बघू." ताईंच्या वहीत नवं चिन्ह आलं: 'घ. नंतर'. पानंच्या पानं.

मशीनला वार कळतो, तास कळतो, तिथी कळत नाही. गेल्या सप्टेंबरवरून या सप्टेंबरचा अंदाज बांधावा तर सण दरवर्षी इकडेतिकडे सरकतात. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. गूगल ॲड्समध्ये यावर 'सीझनॅलिटी ॲडजस्टमेंट' आहे, म्हणजे या दिवसांत यश जास्त किंवा कमी येईल असं मशीनला आधीच सांगण्याची सोय, पण ती एक ते सात दिवसांच्या घडामोडींसाठी. चौदा दिवसांच्या पुढे ती नीट चालत नाही. पितृपक्ष बरोबर त्या सीमेवर येतो. शिवाय इथे गिऱ्हाईक तुटत नव्हतं, थांबत होतं. म्हणून बिडला हात न लावता बजेटच्या स्क्रिप्टला एक तक्ता जोडला. काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर ठेवलं आणि सांगत गेले: पितृपक्ष कमी, घटस्थापना ते दसरा जास्त, पाडवा जास्त, अक्षय्य तृतीया जास्त. पितृपक्षावर आमचं जुंपलं. माझं म्हणणं, लोक याच दिवसांत घरी बसून शोधतात, ठरवतात. काका म्हणाले, "पितरांच्या पंधरवड्यात कोण स्वयंपाकघर ठरवतं?" शेवटी नेहमीच्या सहा-दशांशावर तडजोड झाली. नंतर शीटमध्ये क्लिकची तारीख आणि मोजमापाची तारीख शेजारीशेजारी लावून बघितली, तर दसऱ्याच्या आठवड्यातली बरीचशी मोजमापं पितृपक्षातल्या क्लिकांची होती. येत्या वर्षासाठी तो आकडा नऊ-दशांश केलाय. काकांनी स्वतःच केला, मला न सांगता.

फेसबुक-इन्स्टाग्रामचं थोडक्यात सांगते, कारण आजार तोच होता. बाणेर, वाकड, खराडी, वाघोली असे भागवार वेगवेगळे ॲड सेट, म्हणजे जाहिरातींचे गट, आणि प्रत्येकाला चिमूटभर बजेट. तिथे लर्निंग संपायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात. तीनशे रुपयांत कुठून येणार? सगळे एकत्र केले, बजेट कॅम्पेनच्या पातळीवर ठेवलं. ठीक चाललंय.

गूगल ॲड्समधला लोकेशनचा पर्याय मात्र मी मुद्दाम रुंद ठेवला. पुण्यात असलेलेच नव्हेत, पुण्यात रस दाखवणारेही. पुनावळे-रावेतच्या फ्लॅटचं किचन बऱ्याचदा बंगळूरला किंवा अमेरिकेत बसलेला मुलगा शोधतो. ताईंच्या भाषेत, "मुलगा रात्री अकराला फॉर्म भरतो आणि सकाळी आई फोन करते." त्या आईचा फोन कुठल्याच क्लिकला जोडता येत नाही, पण मुलाच्या नावाची ओळ शीटमध्ये असते, ताई तिथेच टिक करवून घेतात. थेट फोन करणाऱ्या बाकीच्यांचं कोडं सुटलेलं नाही. "नंबर कुठे मिळाला?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: गूगलवर.

आजघडीला एका लीडमागचा खर्च आधीपेक्षा जास्त आहे आणि एका मोजमापामागचा कमी. काका पहिला आकडा विचारायचे थांबलेत.

आता पुढचं घोडं कोटेशनवर अडलंय. नुसत्या ट्रॉल्यांचं चाळीस हजारांचं काम आणि लॉफ्टसकट चार लाखांचं पूर्ण किचन, मशीनला दोन्ही एकच मोजमाप दिसतं. प्रत्येक मोजमापाला किंमत जोडली तर ते मोठ्या कामांच्या मागे जाईल. त्यासाठी शीटमध्ये कोटेशनचा आकडा लागेल आणि तो द्यायला काकांची तयारी नाही. "माझे रेट गूगलला कशाला कळवायचे?" मी सुचवलं की आकडा नको, 'लहान' आणि 'मोठं' अशा दोन टिका ठेवू, मोठ्याला लहानाच्या पाचपट वजन. हे त्यांना पटलं. आता लहान कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं, यावर काकांचं आणि डिझायनरचं जमत नाहीये. डिझायनर म्हणतो दीड लाख, काका म्हणतात आधी लॉफ्ट धरायचा की नाही ते ठरव.